पाकिटातला मासा आणि पाकिटावरचा

मासळी प्रकृतीला चांगली, हे विधान आता वादाचे राहिलेले नाही. डॉक्टर ते सांगतात, पाठ्यपुस्तकांत ते असते आणि ज्या घरांत चार पिढ्या मासळी शिजली नाही, त्या घरांतील तरुण मंडळीही व्यायामशाळेतून परतताना प्रथिनांचा हिशेब करीत ते मान्य करू लागली आहेत. अशा सर्वमान्य विधानांचा व्यापाराला मोठा उपयोग होतो. पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरांतील मोठ्या दुकानांच्या शीतकपाटांत आज फिश फिंगर, नगेट, कोळंबीचे पॉपकॉर्न आणि खेकड्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या तांबड्या-पांढऱ्या कांड्या ओळीने मांडलेल्या दिसतात. शेजारच्या फळीवर ट्यूना आणि तारलीचे डबे असतात, कोळंबीचे लोणचे असते आणि अलीकडे पारदर्शक पिशवीत भरलेली सुकट व सोडेही असतात. या सर्व मालावर माशाचे चित्र असते. चित्रे सारखी असली तरी आतील माल सारखा नसतो. मासळीच्या नावाशी जोडलेली पुण्याई यांपैकी कोणत्या वस्तूने खरोखर कमावली आहे आणि कोणती ती नुसती उसनी घेऊन बसली आहे, हे तपासणे आता अगत्याचे झाले आहे. कारण या पाकिटांचे गिऱ्हाईक केवळ श्रीमंत राहिलेले नाही. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी, दोघेही नोकरीवर जाणारे जोडपे आणि मुलाच्या डब्यात काही तरी सत्त्वाचे जावे म्हणून महिन्याच्या खर्चात काटकसर करून हा पुडा उचलणारी शिक्षिका हे त्याचे खरे गिऱ्हाईक आहे. पैसे ते माशाचे मोजतात; त्यांना मासा किती मिळतो, हा प्रश्न आहे.

मासळी हा एकच पदार्थ आहे असे गृहीत धरल्यामुळे या विषयात निम्मा घोटाळा होतो. बहुतेक ताज्या माशांच्या १०० ग्रॅम मांसात १७ ते २० ग्रॅम प्रथिने असतात आणि ती एकट्या डाळीतील किंवा धान्यातील प्रथिनांपेक्षा अधिक परिपूर्ण असतात, एवढे सामान्यतः सर्व माशांविषयी म्हणता येईल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात; म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. त्यातला चांगला मोठा भाग माशाचे एक बेताचे जेवण भागवू शकते. परंतु मासळीचे ज्या गुणासाठी विशेष कौतुक होते, ती हृदयाला व मेंदूला हितकर ठरलेली ओमेगा-३ मेदाम्ले, ती सर्व माशांत सारखी नसतात. तेलकट माशांत ती भरपूर, कोरड्या पांढऱ्या माशांत अल्प. तारली आणि बांगडा पहिल्या वर्गातले; आता उपाहारगृहांत सर्वत्र दिसणारा, तळ्यांत वाढवलेला बासा दुसऱ्या वर्गातला. ‘ड’ जीवनसत्त्वाचे गणितही साधारण असेच आहे. कॅल्शियम तर मांसात फारसे नसतेच. ते काट्यांत असते आणि काट्यासकट खाल्ला तरच मासा ते देतो. बाजारात पापलेटाचा मान मोठा आणि तारली टोपलीच्या भावाने विकली जाणारी. पोषणाच्या कोष्टकात ही पंगत उलटी बसते.

पाकिटबंद मासळीच्या इतिहासात या उलट्या पंगतीचा एक बोलका प्रसंग आहे. १९५५ साली ब्रिटनमध्ये बर्ड्स आय या कंपनीने ग्रेट यारमथ येथील आपल्या कारखान्यात माशाच्या कांड्या तयार केल्या. त्या काळी तेथे हेरिंग हा तेलकट मासा स्वस्त आणि विपुल होता आणि त्याच्या कांड्या खपवाव्यात असा मूळ बेत होता. तुलनेसाठी म्हणून कॉड या पांढऱ्या, बेचव माशाच्याही कांड्या करून दोन्ही प्रकार काही गावांत विक्रीला ठेवण्यात आले. लोकांनी हेरिंग नाकारला आणि कॉड उचलला. ब्रिटनमधल्या फिश फिंगरचा जन्म हा असा आहे. पौष्टिकतेत जो मासा वरचढ होता तो वासापायी आणि चवीपायी हरला. तेव्हापासून तयार मासळीचा धंदा मुख्यतः मासळी न आवडणाऱ्यांना मासळी खिलवण्याचा धंदा झाला. वास नाही, काटा नाही, डोळा नाही, खवला नाही. मासा आहे हे कळूच नये अशी सगळी व्यवस्था. ही व्यवस्था फुकट होत नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याची अन्नघटकांची कोष्टके या बाबतीत पाहण्यासारखी आहेत. गोठवलेल्या तयार फिश फिंगरच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ११ ग्रॅम प्रथिने, १६ ग्रॅम स्निग्धांश आणि २० ग्रॅमहून थोडे अधिक पिष्टमय पदार्थ असतात. माशात पिष्ट नसते. म्हणजे हे पिष्ट पावाच्या चुऱ्याचे आणि मैद्याचे आहे; आणि स्निग्धांशही माशाचा नव्हे, तर कारखान्यात ज्या तेलातून त्या कांड्या एकदा तळून काढतात त्या तेलाचा. ब्रिटनमधील नामांकित मालातही माशाचे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपासच असते. घरी आणून या कांड्या पुन्हा कढईत सोडल्या, आणि आपल्याकडे त्या बहुधा कढईतच सोडल्या जातात, तर तेलाचा आकडा आणखी चढतो. अशा पदार्थातून २० ग्रॅम प्रथिने मिळवायची तर पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम कांड्या खाव्या लागतील आणि त्यांबरोबर ३० ग्रॅम तेल पोटात जाईल. हा पदार्थ वाईट आहे असे म्हणण्याचे कारण नाही. बटाटावडा जसा आवडीने खावा तसा तोही खावा. पण बटाटावडा पौष्टिक आहार म्हणून कोणी विकत नाही.

खेकड्याच्या कांड्यांची कथा याहून चमत्कारिक आहे आणि तिचा एक धागा थेट कोकणात येतो. या कांड्यांत खेकडा बहुधा नसतोच. असलाच तर अर्कापुरता. त्या ‘सुरिमी’च्या, म्हणजे धुऊन मळलेल्या मत्स्यमांसाच्या असतात. जपानमध्ये माशाचा असा गोळा करून त्याचे उकडलेले पदार्थ करण्याची रीत शेकडो वर्षांची आहे. पण गोठवला की हा गोळा भुसभुशीत होई, त्यामुळे तो साठवता येत नसे. होक्काइदो येथील मत्स्यसंशोधन केंद्रात १९६० च्या सुमारास संशोधकांनी असे दाखवून दिले की गोळ्यात साखर मिसळली तर गोठवूनही त्याचा चिवटपणा टिकतो. तेव्हापासून सुरिमी हा जागतिक व्यापाराचा माल झाला. भारतही तो निर्यात करतो आणि रत्नागिरीच्या परिसरातील कारखान्यांचा त्यात मोठा वाटा आहे. आपल्याकडे पूर्वी ज्याला फारसा भाव नव्हता, तो राणी मासा या कामी मुख्यतः लागतो. मच्छीमाराच्या दृष्टीने हा लाभच झाला, हे मान्य केले पाहिजे.

पोषणाच्या दृष्टीने मात्र सुरिमीची कृतीच तिच्या विरुद्ध जाते. माशाचा कीस पुनःपुन्हा थंड पाण्याने धुतात, कारण रंग, वास आणि चरबी घालवायची असते. त्या पाण्याबरोबर विरघळणारी प्रथिने, ‘ब’ वर्गातील जीवनसत्त्वे आणि क्षार यांचा मोठा भाग वाहून जातो; तेल तर मुद्दामच काढलेले असते, तेव्हा ओमेगा-३ उरण्याचा प्रश्नच नाही. उरलेल्या शुभ्र, निर्गंध गोळ्यात साधारणतः ८ टक्क्यांपर्यंत साखर व सॉर्बिटॉल आणि थोडे फॉस्फेट घालतात. पुढे कांड्या करताना पिष्ट, अंड्याचा बलक वगळून उरलेला पांढरा भाग, मीठ, रंग आणि खेकड्याचा कृत्रिम स्वाद यांची भर पडते. या सगळ्या संस्कारांनंतर १०० ग्रॅम कांड्यांत साडेसात ग्रॅमच्या आसपास प्रथिने, १५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ व शर्करा आणि ५०० मिलिग्रॅमहून अधिक सोडियम शिल्लक राहते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाला २,००० मिलिग्रॅम सोडियमची मर्यादा घातली आहे. म्हणजे तिचा चतुर्थांश या एका वाटीत संपला. रक्तदाबाचा विकार असलेल्या वडीलधाऱ्यांना ‘हलका मासा’ म्हणून हे वाढणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. अंड्याची किंवा गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर पुड्याची मागची बाजू वाचल्याखेरीज तो उघडूच नये.

गोठवलेल्या सर्वच मालाला या दोषाचे धनी करणे अन्यायाचे होईल. क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकन १९१२ ते १९१५ या काळात लॅब्राडॉरमध्ये होता. तेथील कडाक्याच्या थंडीत पकडताक्षणी गोठलेला मासा महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागतो, हे त्याने पाहिले आणि शीघ्र गोठवणाचे तंत्र पुढे त्यातूनच उभे राहिले. गोठवण हळू झाले की बर्फाचे स्फटिक मोठे होतात व पेशी फोडतात. झपाट्याने झाले की ते बारीक राहतात. बाकी काही न लावता गोठवलेला बांगड्याचा तुकडा किंवा सोललेली कोळंबी पोषणात ताज्या मालाच्या तोडीची असते, आणि चार दिवस बर्फाच्या पाण्यात लोळलेल्या ‘ताज्या’ मासळीपेक्षा सरसही असू शकते. इथे प्रश्न पोषणापेक्षा वजनाचा आहे. कोरडे पडू नये म्हणून कोळंबीवर बर्फाचे पातळ आवरण चढवतात आणि फॉस्फेटच्या पाण्यात बुडवली तर ती पाणी धरूनही ठेवते. त्यामुळे निथळून उरलेल्या कोळंबीचे वजन करून पाहणाऱ्या गृहिणीचा कधी कधी अपेक्षाभंग होतो. शिवाय उणे १८ अंशांची साखळी कारखान्यापासून घरापर्यंत अखंड राहिली पाहिजे. तालुक्याच्या गावी उन्हाळ्यात वीज किती तास असते, हे त्या साखळीला कोणी विचारलेले नाही.

आता डब्याकडे वळावे. आपल्याकडे डबाबंद अन्नाविषयी एक जुना संशय आहे. ते ‘मेलेले’ अन्न, लष्कराने किंवा गिर्यारोहकांनी खावे, घरात आणू नये, असा. या संशयाला मासळीपुरता तरी आधार नाही. निकोला ॲपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने बंद बाटलीत अन्न उकळून टिकवण्याची रीत काढली आणि १८१० साली तिच्यासाठी फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँकचे पारितोषिक घेतले. जंतू म्हणजे काय हे जगाला कळण्यापूर्वीची ही गोष्ट. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बाटलीऐवजी पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले गेले, आणि १८२० च्या दशकात फ्रान्समधील नांत येथे तारलीच्या जातीचा सार्डिन डब्यात भरला जाऊ लागला. आज डबा सामान्यतः १२१ अंशांच्या आसपास वाफेच्या दाबाखाली तापवतात. बोट्युलिझमसारखा प्राणघातक रोग करणाऱ्या जंतूंचे बीज मरावे, हा हेतू. या उष्णतेत थायामिन हे ‘ब’ वर्गातील जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते, हे खरे. परंतु प्रथिने टिकतात, ‘ब-१२’ आणि ‘ड’ पुष्कळसे टिकतात, आणि एक गोष्ट तर नव्याने घडते : काटे इतके मऊ होतात की ते चावून खाता येतात.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व आकड्यांत पाहावे. तेलातील सार्डिनच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २४ ग्रॅम प्रथिने, ३८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि जवळजवळ एक ग्रॅम ओमेगा-३ मेदाम्ले असतात. दीड पेला दुधातील कॅल्शियम आणि दोन अंड्यांच्या दुपटीइतकी प्रथिने एका लहान डब्यात! फिश फिंगरच्या रंगीत खोक्याशेजारी हा डबा ओशाळवाणा दिसतो खरा. त्याच्या मानाने ट्यूनाचा डबा अधिक प्रतिष्ठित. त्यात प्रथिने सार्डिनइतकीच. पण डब्यात भरण्याआधी हा मासा वाफवतात तेव्हा त्याचे बरेच तेल निघून जाते आणि पाण्यातील साध्या ट्यूनात ओमेगा-३ पाव ग्रॅमच्या आसपास राहते. मोठ्या, दीर्घायुषी माशांच्या अंगात पारा साठतो, ही आणखी एक अडचण. डब्यातील पांढऱ्या अल्बाकोर ट्यूनात तो लहान जातीच्या ट्यूनाच्या सुमारे तिप्पट असतो, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे मोजमाप आहे. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी म्हणूनच तेथे त्याचे आठवड्याचे प्रमाण ठरवून दिले आहे. सार्डिन आखूड आयुष्याचा, तळच्या पायरीवरचा मासा; त्याच्यामागे ही पीडा नाही. एक सूचना मात्र डबा उघडणाऱ्याने पाळावी. माशातील काही ओमेगा-३ भोवतालच्या तेलात उतरते, तेव्हा ते तेल मोरीत ओतण्याऐवजी भाताला लावले तर वावगे होणार नाही.

बंद पिशवीत शिजवलेले माशाचे कालवण हा डब्याचाच नवा अवतार. म्हैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा आणि कोचीची १९५७ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था यांनी हे तंत्र आपल्याकडे रुजवले. त्याचे गुणदोष डब्याचेच आहेत, फक्त रस किती आणि तुकडे किती हे पाहून घ्यावे. कोळंबीच्या लोणच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ते लोणचे आहे. तेल आणि मीठ हा त्याचा धर्म आहे.

हे सर्व ग्राहकाला कसे कळावे? कायद्याने ते त्याला कळवण्याची तरतूद केलेली आहे, असे उत्तर मिळेल, आणि ते खोटे नाही. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला. त्याखालील लेबलविषयक २०२० च्या विनियमांनुसार घटकद्रव्ये वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागतात; ऊर्जा, प्रथिने, शर्करा, स्निग्धांश आणि सोडियम यांचे आकडे द्यावे लागतात; आणि वेष्टणावर शब्दांनी किंवा चित्राने ज्या घटकाचा डंका पिटला असेल, त्याचे मिश्रणातील शेकडा प्रमाण सांगणेही बंधनकारक आहे. म्हणजे फिश फिंगरच्या खोक्यावर मासा किती टक्के, हे लिहिलेले असलेच पाहिजे. ते कोठे लिहिलेले असते? मागच्या बाजूला, घड्यांच्या आत, भिंग घेऊन वाचावे अशा अक्षरांत. समोरच्या बाजूला लाटेवर उसळणारा मासा आणि ‘प्रथिनांनी समृद्ध’ अशी ग्वाही. शिवाय ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असली म्हणजे कायद्याचे समाधान होते. मराठीत ती देण्यास मनाई नाही; सक्तीही नाही. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात म्हणून ज्या राज्यात एवढी आंदोलने झाली, न्यायालयांपर्यंत प्रकरणे गेली, तेथे दुकानाच्या आतील अन्नाच्या पुड्यावर काय लिहिले आहे हे मराठी माणसाला मराठीत वाचता यावे, असा आग्रह अजून कोणी धरलेला दिसत नाही. मीठ किती, मासा किती, हे दोन शब्द आणि दोन आकडे छापायला जागा तरी कितीशी लागते?

वेष्टणाच्या दर्शनी भागावर ठळक इशारा असावा की नाही, हा वाद दिल्लीत बराच काळ चालला. सप्टेंबर २०२२ मध्ये प्राधिकरणाने पदार्थांना तारे देण्याची योजना मसुद्याच्या रूपाने पुढे आणली. हॉटेलांना तारे देतात तसे अन्नाला द्यावेत, ही कल्पना उद्योगांना रुचण्यासारखी होती, कारण तीत प्रथिनांसारख्या चांगल्या घटकांचे गुण मीठ-साखरेच्या अवगुणांतून वजा होतात. खारट पदार्थात थोडा मासा आणि थोडा चोथा असला की त्याचे पाप काहीसे धुतले जाते. ग्राहक संघटनांनी त्याऐवजी ‘मीठ जास्त’, ‘तेल जास्त’ असे सरळ इशारे मागितले. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयावरील जनहित याचिका निकालात काढताना तज्ज्ञ समितीने तीन महिन्यांत शिफारशी कराव्यात, असा आदेश दिला. मुदत देणे न्यायालयाच्या हाती असते आणि मुदत पाळणे समितीच्या. वाढलेल्या तारखा हा त्यानंतरचा परिचित अध्याय. तयार मासळीपुरते बोलायचे तर ताऱ्यांची गरजच नाही. पुढच्या बाजूला, माशाच्या चित्राइतक्याच ठळकपणे, आत मासा किती टक्के आहे हे मराठीत लिहिले, की बाकीचे गणित शाळकरी मुलगाही करील.

या सगळ्या गदारोळात जी मासळी कित्येक वर्षे टिकवून खाल्ली गेली आणि जिच्यावर परवापर्यंत लेबलच नव्हते, तिच्याकडे दुर्लक्ष होते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा कोकणापासून घाटमाथ्यापलीकडच्या खेड्यांपर्यंत सुकट, जवळा, सोडे आणि बोंबील यांनीच चूल चालवली. ताजा बोंबील म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच. तो वर्सोवा, अर्नाळा, सातपाटी येथील वलांड्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीने टांगतात आणि दोन-तीन उन्हे लागली की पाणी उडून जाते. मग उरलेल्या पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि १,००० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. काट्यासकट खाल्ला जात असल्यामुळे ते पोटातही जाते. आणि या बोंबलाला बहुधा मीठ लावलेले नसते. मूठभर जवळा, कांदा आणि कोकम घालून केलेल्या कालवणाला पोषणाचा जो भाव पडतो, त्याच्या जवळपासही शीतकपाटातला पुडा येत नाही. ओमेगा-३ ची अपेक्षा मात्र सुक्या मासळीकडून धरू नये. ती मेदाम्ले हवेत बिघडतात आणि तेलकट मासा नुसता वाळवला तर खवट होतो. खारवलेल्या बांगड्याची गोष्ट वेगळी, त्यात मिठाचा भार फार असतो. तो भिजवून, पाणी टाकून आणि चवीपुरताच खावा.

सुक्या मासळीचा खरा दोष तिच्या पोषणात नाही, तिच्या वाळवणात आहे. जमिनीवर पसरलेल्या जवळ्याला वाळू लागते, माश्या बसतात, अवकाळी सर आली तर आठवड्याची मेहनत कुजते. यावर बंदी हा एक उपाय असतो आणि तो एकदा करून झाला आहे. १९९७ साली युरोपीय आयोगाने बोंबलाची आयात थांबवली, कारण तेथे मासळी मान्यताप्राप्त कारखान्यातूनच आली पाहिजे असा नियम होता आणि बोंबील कारखान्यात तयार होत नव्हता, उन्हात होत होता. ज्याला इंग्रजांनी ‘बॉम्बे डक’ हे बदकाचे नाव दिले, त्या माशासाठी ब्रिटनमध्ये मोहीम चालवली गेली आणि २००० साली बंदी उठली. तोड अशी निघाली की बोंबील वाळावा उघड्यावरच, पण पुड्यात भरला जावा तो मान्यताप्राप्त ठिकाणी. म्हणजे ऊन आणि वारा हे आरोग्याचे शत्रू नाहीत, हे युरोपलाही पटले. उंच चौथरे, जाळीचे आच्छादन, सौर वाळवणयंत्रे आणि स्वच्छ पुडाबंदीची सामायिक सोय एवढ्यावर हे काम भागते. तंत्र जुने आहे, कोचीच्या संस्थेत ते तयारही आहे. निर्यातीच्या मालासाठी जी काळजी घेतली गेली, ती दादरच्या किंवा मालवणच्या गिऱ्हाइकासाठी कोणी घ्यायची, एवढेच ठरलेले नाही.

तारलीविषयीही असेच म्हणावे लागते. जो मासा डब्यात घातला तर गरीब घरातील मुलाला प्रथिने, कॅल्शियम आणि ओमेगा-३ एकाच वेळी देऊ शकतो, तो पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात मत्स्यकुटीच्या कारखान्यांत जातो. त्याचे तेल काढतात, चोथ्याचे कोळंबीसाठी आणि कोंबड्यांसाठी खाद्य होते आणि ती महाग कोळंबी परदेशी जाते. तारलीचा साठा अक्षय आहे असेही समजू नये. केरळच्या किनाऱ्यावर २०१२ साली सुमारे चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ साली चार हजार टनही मिळाली नाही. असा लहरी मासा जेव्हा मुबलक येतो तेव्हा तो आधी माणसाच्या ताटात जावा की कोळंबीच्या तळ्यात, हा निर्णय आज केवळ घाऊक भाव करतो. वसतिगृहे, आश्रमशाळा, सरकारी रुग्णालये येथे मांसाहार घेणाऱ्यांसाठी तारलीचा डबा विकत घेण्याचे एखाद्या खात्याने मनावर घेतले, तर भावाचे पारडे थोडे तरी दुसरीकडे झुकेल.

वाळवणाची जागा हा त्याहून तातडीचा प्रश्न आहे. मुंबईतील कोळीवाड्यांचे सीमांकन वर्षानुवर्षे रेंगाळले. घरांच्या हद्दीवर वाद झाले, परंतु घरांपुढची जी मोकळी मैदाने मासळी सुकवण्यासाठी वापरली जातात ती नकाशावर बहुधा ‘मोकळी जागा’ म्हणूनच दिसतात, आणि मुंबईत मोकळ्या जागेचे पुढे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. सीमांकनाचे नकाशे जेथे अजून अंतिम झालेले नाहीत, तेथे वलांड्यांची जागा वलांड्यांसाठीच नोंदवून घेण्याचे काम महसूल आणि मत्स्यव्यवसाय या दोन खात्यांना एकत्र बसून करता येण्यासारखे आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.